दिवस भरण्यापूर्वी



वसंत व्याख्यानमालेत गरोदरपणावर बोलावयाचे ठरले, तेव्हा एका स्नेह्यांनी मला हळूच विचारले, "अहो, ऐकायला पुरुष मंडळीही असतील ना?" मी म्हटले, "असावीतच. विषय त्यांच्यासाठीच घेतला आहे." रात्री दोन वाजता घरात कळा सुरू झाल्या, तर रिक्षा आणावयास धावतो तो पुरुष. कोणत्या रुग्णालयात न्यावयाचे, हेही बहुधा तोच ठरवतो. आणि त्या घटकेला त्याच्यापाशी माहिती किती असते? पुष्कळदा एवढीच की, "अजून दिवस भरले नव्हते हो!"

आपल्याकडे एक समजूत फार जुनी आहे. सातमाशी मूल जगते, अठमाशी जगत नाही. माझ्या आजीच्या तोंडी ती होती आणि आजही एखाद्या सासूबाई मला ती ऐकवतात. गंमत अशी की, ही समजूत केवळ आपली नव्हे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीस देशात हिपॉक्रेटिसच्या नावावर जे वैद्यकग्रंथ लिहिले गेले, त्यांतला एक खास आठव्या महिन्याच्या मुलावरच आहे, आणि तेथेही हाच सिद्धांत सांगितलेला आहे! मला वाटते, सातव्या महिन्यातले एखादे मूल दैवाने वाचले, की त्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जी गेली त्यांची कथा कोण सांगणार? वस्तुस्थिती अगदी साधी आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा मुलाच्या पदरात काहीतरी टाकतो. आठव्या महिन्यातले मूल सातव्यातल्या मुलाहून केव्हाही अधिक सुरक्षित.

मात्र "नऊ महिने नऊ दिवस" हे जुने माप वाईट नाही. आम्ही डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे चाळीस आठवडे मोजतो. सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी झालेला जन्म तो अकाली. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली आणि त्यांतली ३० लाखांच्या घरातली एकट्या भारतात. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंची जी कारणे आहेत, त्यांत ह्या अपुऱ्या दिवसांचा क्रमांक जगात पहिला लागतो.

दिवस भरण्यापूर्वी कळा का येतात, ह्याला एक कारण नाही. जुळे असते, रक्तदाब चढलेला असतो, गर्भाशयाचे तोंड आखूड असते, पूर्वी एकदा असेच झालेले असते. आज मी त्यांतले एकच सूत्र हाती घेणार आहे, ते म्हणजे आईची रोगप्रतिकारशक्ती. कारण तिच्याविषयी आपल्या घराघरांत एक ठाम मत आहे: "बाई पोटुशी राहिली की तिची शक्ती कमी होते." हे मत अर्धेच खरे आहे आणि त्याचा उरलेला अर्धा भाग घातक आहे.

१९५३ साली इंग्लंडात पीटर मेडावार ह्या शास्त्रज्ञाने एक प्रश्न जगापुढे मांडला. महायुद्धात भाजलेल्या माणसांवर दुसऱ्याचे कातडे बसवण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा असे दिसले की शरीर परके कातडे काही दिवसांतच झिडकारून टाकते. सख्ख्या भावाचेदेखील चालत नाही. मग मूल कसे चालते? मूल अर्धे आईचे, पण अर्धे बापाचे, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने परकेच. त्याच मुलाच्या कातड्याचा तुकडा आईच्या दंडावर बसवला तर गळून पडेल. आणि सबंध मूल मात्र ती नऊ महिने पोटात वागवते! मेडावारने तीन तर्क केले. आई आणि मूल ह्यांच्यामध्ये वारेची भिंत असावी, किंवा मुलाचे परकेपण अजून उमटलेले नसावे, किंवा आईची प्रतिकारशक्ती त्या काळात झोपी जात असावी. १९६० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रतिकारशक्तीवरच्या दुसऱ्या कामाबद्दल. हे तीन तर्क मात्र पुढे एकेक करून लंगडे ठरले. भिंत म्हणावी तर १९९६ साली असे आढळले की मुलाच्या पेशी आईच्या रक्तात शिरतात आणि प्रसूतीनंतर सत्तावीस वर्षांनीही तेथे सापडतात. मुलगा मोठा होऊन नोकरीला लागला तरी तो आईच्या रक्तात थोडासा उरलेला असतो, हे ऐकून येथल्या मातांना फारसे आश्चर्य वाटणार नाही!

आणि झोपेचे काय? झोप म्हणावी तर तीही नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात जितक्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या शेकडा सत्तरच्या आसपास ज्या जातीच्या असतात, त्यांचे नाव आहे "नैसर्गिक मारक पेशी". नाव ऐकून धडकी भरावी! पण येथे त्या मारीत नाहीत. उलट आईच्या रक्तवाहिन्या रुंद करून वारेला रक्त पोचवण्याच्या कामी मदत करतात. पहारेकरीच पाटाचे पाणी बागेकडे वळवू लागावेत, तसा हा प्रकार. वार स्वतःही हुशार असते. आपल्या पेशींवर परकेपणाची नेहमीची खूण ती ठेवीत नाही, वेगळीच एक खूण दाखवते आणि तिने हे पहारेकरी शांत राहतात. शिवाय रक्तात आणखी एक जात आहे, इतर पेशींना आवर घालणारी. जपानच्या शिमोन साकागुची ह्यांनी १९९५ साली ती दाखवून दिली आणि २०२५ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना दोन अमेरिकन संशोधकांसह ह्याच कामाबद्दल मिळाले. उंदरांत ह्या आवर घालणाऱ्या पेशी काढून टाकल्या, तर परक्या बापाचे गर्भ टिकत नाहीत, हे २००४ साली दिसून आले.

तेव्हा प्रतिकारशक्ती कमी होते असे म्हणण्यापेक्षा ती निराळ्या शिस्तीने वागू लागते, असे म्हणावे. ही शिस्तही नऊ महिने एकच नसते. गर्भ रुजताना तेथे दाह असतो, जखम भरताना असतो तसा. मधले महिने शांततेचे. आणि शेवटी दाह पुन्हा जागा होतो. पांढऱ्या पेशी गर्भाशयाच्या तोंडाकडे धाव घेतात, प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये पाझरतात, तोंड मऊ पडते, पाणमोट फुटते, कळा येतात. म्हणजे प्रसूती ही स्वतःच एक दाहाची क्रिया आहे, मात्र नेमलेल्या वेळी झालेली. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे दिवस भरून प्रसूत झालेल्या अठरा स्त्रियांचे रक्त गरोदरपणात वेळोवेळी तपासले गेले. रक्तातल्या ह्या पेशींचे बदल इतक्या ठरल्या क्रमाने होतात, की नुसत्या रक्तावरून कितवा आठवडा चालू आहे हे सांगता यावे, असे २०१७ साली तेथील संशोधकांनी लिहिले. पुढे २०२१ साली त्रेसष्ट स्त्रियांच्या पाहणीत दिसले की कळा सुरू होण्यापूर्वी दोन ते चार आठवडे रक्तात हा बदल चालू झालेला असतो. बाईला काही जाणवलेलेही नसते, आणि शरीराने तयारी आरंभलेली असते!

आता मुद्द्याकडे वळतो. शेवटचा दाह जर प्रसूतीचा दरवाजा उघडतो, तर दुसऱ्या कशाने दाह पेटला, तर दरवाजा अवेळी उघडणार नाही का? उघडतो. जंतू योनिमार्गातून वर चढून पाणमोटेच्या आवरणापर्यंत गेले, मूत्रमार्गाचा संसर्ग मूत्रपिंडाला भिडला, हिवतापासारखा ताप अंगात मुरला, की शरीर त्या जंतूंशी लढावयास उठते आणि त्या लढाईतली द्रव्ये नेमकी तीच, जी कळा आणतात. लढाई जंतूंशी असते, पण तिचा घाव मुलावर बसतो.

ह्याचा एक मोठा आणि दुःखद दाखला आपण सर्वांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय बाधित गरोदर स्त्रियांचे एक मुख्य ठिकाण झाले. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या साहाय्याने अशा स्त्रियांची एक नोंदवही उघडली. मार्च २०२० ते जानेवारी २०२१ ह्या पहिल्या लाटेत तिच्यात ४,२०३ स्त्रियांची नोंद झाली. त्यांतल्या १,६८४ मुंबई महानगर भागातल्या. सर्वांत अधिक आढळलेला उपद्रव कोणता? न्यूमोनिया नव्हे. अकाली प्रसूती! ५२८ जणी, म्हणजे शेकडा १६.३. एरवी आपल्या देशात हे प्रमाण तेराच्या आसपास धरले जाते. ह्या दोन आकड्यांची तुलना मी सावधपणे करतो, कारण मोठ्या रुग्णालयांत मुळातच अडलेल्या बायका येतात, आणि काही वेळा आईचा जीव धोक्यात आहे म्हणून डॉक्टरांनीच लवकर प्रसूती केलेली असते. त्या लाटेत नोंदवहीतल्या चौतीस माता दगावल्या. रक्तक्षय, क्षय आणि मधुमेह असलेल्या स्त्रियांत हे मृत्यू अधिक होते, हे विसरता कामा नये. पुढे १,५३० स्त्रियांच्या पाहणीत दोन लाटांची तुलना प्रसिद्ध झाली. मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत शेकडा ०.७ होते, दुसऱ्या लाटेत ते ५.७ झाले. गरोदर स्त्री अशा तापांना सहज बळी पडते ती केवळ प्रतिकारशक्तीमुळे नव्हे. वाढते गर्भाशय श्वासपटल वर ढकलते, प्राणवायूची गरज वाढलेली असते, आणि त्यात फुप्फुसाचा आजार आला की राखीव ठेव काहीच उरत नाही.

साथी येतात आणि जातात. पण जी साथ कधी जात नाही आणि जिची बातमीही होत नाही, तिच्याविषयी मला अधिक बोलावयाचे आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. शंभरातल्या ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्यांतले पुष्कळसे जंतुसंसर्गाचे. पूर्वी कधी तपासणी झालेल्या किती? शंभरात आठ. जगातल्या वैद्यकाला ह्या पाहणीने धक्का दिला. विरारच्या सुशिक्षित वस्तीत असे नसेल असे आपणांस वाटते काय? अंगावरून जाते हे सांगावयाची लाज गडचिरोलीत आहे तशी मनवेलपाड्यातही आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तिशीची बाई आली, तिसावा आठवडा चालू, कळा सुरू झालेल्या. लघवीला जळजळ दीड महिना होती. तिने ती घरात सांगितली होती, एका दवाखान्यातही सांगितली होती, आणि दोन्हीकडे उत्तर एकच मिळाले होते, "ह्या दिवसांत होतेच तसे!" तिचे मूल चार दिवस काचेच्या पेटीत होते. पाचवीची पूजा झाली नाही.

श्रोतेहो, लघवी तपासून जंतू सापडले तर औषध घ्यावे, जळजळ नसली तरी घ्यावे, ह्याविषयी आज मतभेद नाही. पण म्हणून सरसकट सर्वांना जंतुनाशके चारावीत काय? येथे शास्त्राने आपल्या उत्साहाला चांगलाच लगाम घातला आहे. हिरड्यांचे दुखणे आणि अकाली प्रसूती ह्यांचा संबंध दिसला, तेव्हा गरोदरपणात हिरड्यांवर उपचार करून पाहिले. २००६ साली अमेरिकेतील मोठ्या पाहणीत हिरड्या सुधारल्या, प्रसूती मात्र लांबली नाही. इंग्लंडात, पाणमोट शाबूत असताना कळा सुरू झालेल्या स्त्रियांना जंतुनाशके देऊन पाहिली. लाभ झाला नाही, आणि सात वर्षांनी मुले तपासली तेव्हा मेंदूच्या विकाराने पंगू झालेली मुले औषध घेतलेल्या गटात अधिक आढळली. तेव्हा शेजारणीला दिलेली गोळी आपल्या सुनेला देऊ नका.

मग करण्यासारखे काही आहे की नाही? आहे, आणि त्यातले काही आपल्याच मुलखात सिद्ध झाले आहे. नागपूर आणि बेळगाव ही दोन्ही केंद्रे असलेल्या सहा देशांच्या एका पाहणीत सुमारे बारा हजार पहिलटकरणींपैकी निम्म्या जणींना तिसऱ्या महिन्याच्या आतच अ‍ॅस्पिरिनची अगदी लहान मात्रा रोज सुरू केली, निम्म्या जणींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. २०२० साली निकाल लागला. पोकळ गोळीवाल्यांत अकाली प्रसूती शेकडा १३.१, अ‍ॅस्पिरिनवाल्यांत ११.६. हजारी पंधरा मुलांचा फरक. फरक लहान वाटेल, पण ज्या घरात त्या पंधरांपैकी एक आहे त्यांना विचारावे. अ‍ॅस्पिरिन वारेकडचा रक्तप्रवाह सुधारते आणि ती कळा आणणारी द्रव्ये थोडी आवरते. कोणाला द्यावयाची, हे मात्र डॉक्टरने पाहून ठरवावयाचे.

दुसरी कथा अधिक बोधक आहे. गरोदरपणात बायकांचा आमवात उतरतो, हे फिलिप हेंच नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९३८ साली नोंदले. शरीरातच काही दाहशामक द्रव्य वाढत असावे ह्या तर्काच्या मागे लागून त्याला कॉर्टिझोनचा गुण सापडला आणि १९५० साली नोबेल मिळाले. त्याच कुळातल्या औषधाचे इंजेक्शन अकाली कळा आलेल्या आईला दिले, तर मुलाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी ह्यांनी १९७२ साली दाखवले. एवढे स्वस्त औषध! मग ते खेडोपाडी का पोचवू नये? ते पोचवून पाहिले. ह्या पाहणीतही बेळगाव आणि नागपूर होते. २०१५ साली निकाल आला, आणि तो उलटा निघाला. औषध पोचवलेल्या भागांत एकंदर नवजात मृत्यू किंचित वाढले आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंका अधिक आढळली. का? औषध दाह शमवते, म्हणजे प्रतिकारशक्तीही दाबते. आठवडे नक्की ठाऊक नसल्याने ज्यांना त्याची गरज नव्हती अशा पुष्कळ जणींनाही ते मिळाले. आणि जन्मलेल्या मुलाला सांभाळण्याची सोय सर्वत्र नव्हती. शास्त्रज्ञांनी पाहणी पुन्हा मांडली. ह्या वेळी फक्त सुसज्ज रुग्णालये घेतली, सोनोग्राफीने आठवडे पक्के केले आणि सव्वीस ते तेहतीस आठवड्यांच्याच स्त्रिया निवडल्या. बेळगाव ह्यातही होते. २०२० सालचा निकाल: औषधाविना शंभरात २३.५ मुले दगावली, औषधाने १९.६. औषध तेच, कुळ तेच. फरक पडला तो आठवडे ठाऊक असण्याचा आणि ठिकाण योग्य असण्याचा.

म्हणून माझे विरारकरांना सांगणे आहे की, पहिली सोनोग्राफी तिसऱ्या महिन्यातच करून घ्या. लोकांना वाटते ती मुलाचे व्यंग पाहण्यासाठीच असते. ती दिनदर्शिकाही आहे. मुलाचे वय लवकरच्या चित्रावर नेमके कळते, सातव्या-आठव्या महिन्यातल्या चित्रावर ते सांगताना दोन-तीन आठवड्यांची चूक होऊ शकते. आणि अडचणीच्या रात्री तेच दोन-तीन आठवडे निर्णय फिरवतात.

अपुऱ्या दिवसांच्या मुलाला जंतूंची एवढी भीती का, तेही थोडक्यात सांगतो. आई मुलाला वारेवाटे आपल्या रक्तातली प्रतिद्रव्ये देते. धनुर्वाताची लस आपण गरोदर आईला टोचतो ती ह्याच हिशेबाने, आणि २०१५ साली भारतातून नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले त्यात त्या लसीचा मोठा वाटा. परंतु ही शिदोरी बहुतांशी शेवटच्या तीन महिन्यांत बांधली जाते. तिसाव्या आठवड्याचे मूल शिदोरी न घेताच घराबाहेर पडलेले असते. म्हणून त्याला चीक पाजावयाचा, पहिले दूध पिळून टाकावयाचे नाही. आणि आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवावयाचे. ही "कांगारू" पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरी पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली. २०२१ साली भारतासह पाच देशांत असे दिसले की अशा लहानग्यांना जन्मल्याबरोबर छातीशी ठेवले, तर मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात. बापाच्या छातीशीही मूल ठेवता येते, हे त्या माझ्या स्नेह्यांसाठी सांगून ठेवतो.

एक चिठ्ठी आली आहे, तिचे उत्तर देऊन थांबतो. विचारणारे लिहितात, "मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आणावी अशी रीत आहे. आमचे गाव सिंधुदुर्गात. आणावी का?" आणावी की. आईच्या हातचे खाणे आणि विश्रांती ह्यांना मी विरोध करणार नाही. १८६७ साली विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी सुटली, तेव्हापासून ह्या गावाचे निम्मे आयुष्य गाडीत चालले आहे, आणि लेडीज डब्यात सातव्या महिन्यात उभ्याने साठ किलोमीटर जाणारी मुलगी दोन महिने घरी बसली तर बरेच! पण निघण्यापूर्वी तीन गोष्टी करा. लघवीची आणि रक्ताची तपासणी करवून घ्या. सोनोग्राफीचे सर्व कागद, पहिल्या चित्रासह, तिच्या पिशवीत ठेवा, कपाटात नव्हे. आणि गावापासून जवळचे कोणते रुग्णालय काचेची पेटी आणि बालरोगतज्ज्ञ बाळगून आहे, हे आधी फोन करून विचारा. पोट थांबून-थांबून कडक होऊ लागले, कंबर एकसारखी दुखली, पाणी गेले, रक्त दिसले किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. तेथे पोचल्यावर पहिले वाक्य कळांविषयी नको. "एवढे आठवडे झाले आहेत, हा पहिल्या सोनोग्राफीचा कागद," असे म्हणा, आणि मुलाच्या फुप्फुसांचे इंजेक्शन द्यावयाचे आहे का, ते विचारा.